अक्षय तांब्याचा विश्राम

मंडपात एकशे बेचाळीस माणसं होती. त्यांत बायका एकशे तीन, सगळ्या खाली सतरंजीवर. खुर्च्या चाळीस, एकोणचाळीस पुरुषांच्या बुडाखाली आणि चाळिसावीवर महाराजांचा स्पीकर. पाण्याचे वीस लिटरचे जार अकरा. घरून आणलेल्या रिकाम्या बाटल्या निकिता मोजायला लागली होती, पण दोनशेच्या पुढे तिने नाद सोडला. समोर चौरंग एक, काचेचा ग्लास एक, पितळी तांब्या एक.

मोजल्याशिवाय निकिताला बसवत नसे. रसायनशास्त्रात पदवी घेऊन ती सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नमुने तपासायचं काम करत होती. आज गुरुवार, तिची साप्ताहिक सुट्टी. ती इथे आली होती ती आईमुळे. आई, म्हणजे उज्वलाबाई, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, उजव्या पायाला पट्टी बांधून.

"बोला, गोदामाई की!" माईकवाला ओरडला.

"जय!"

"गोदा आणि नर्मदेच्या संगमात सापडलेला हा अक्षय तांब्या! बारा वर्षं हिमालयात एका पायावर उभं राहून जलानंद महाराजांनी तो जागृत केला!"

गोदावरी जाते पूर्वेला, नर्मदा पश्चिमेला. दोघींची भेट कधी झाली हे विचारायची पद्धत मंडपात नव्हती. महाराजांचे दोन्ही तळपाय मात्र गुलाबी आणि मऊ होते.

महाराजांनी तांब्या ग्लासात ओतला. ग्लास काठोकाठ भरला. तांब्या पालथा करून सगळ्यांना दाखवला, एक थेंब पडला नाही. मग तो चौरंगावर ठेवून त्यावर लाल फडकं टाकलं आणि मंत्र म्हटला. निकिताने घड्याळ बघितलं. चोवीस सेकंद. फडकं काढलं, तांब्या उचलला, पुन्हा पाणी! बायकांच्या तोंडून "अगं माय" निघालं. असं पाच वेळा झालं. पहिल्यांदा ग्लास काठोकाठ, मग एक बोट कमी, मग दोन बोटं, मग अर्धा, शेवटी तळाशी जेमतेम.

"तांब्या दमला," माईकवाला म्हणाला. "आता तांब्याचा विश्राम!"

आणि तांब्या पडद्यामागे गेला. जे अक्षय आहे त्याला दर तासाला विश्राम लागतो, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

निकिताची नजर ग्लासावर नव्हती. ती महाराजांच्या अंगठ्यावर होती. माणूस तांब्या धरतो तो गळ्याशी. महाराज धरत होते तांब्याच्या खांद्यावर, गळ्याखालच्या फुगीर भागावर, आणि अंगठा पाचही वेळा एकाच जागी. तिच्या घरच्या कपाटात, साड्यांच्या मागे, अगदी असाच एक तांब्या पडला होता. ती वर्षभरापासून हौस म्हणून जादूचे खेळ शिकत होती.

ग्लासातलं पाणी जारमध्ये मिसळलं, जारमधून एकेक पेला बाटल्यांत गेला आणि महाराजांनी मुख्य गोष्ट सांगितली.

"साखरेची सुई घेणाऱ्यांनो, ऐका. सुई टोचलेल्या अंगात तीर्थ थांबत नाही. भोकातून गळून जातं. आजपासून सुई बंद! आणि मशिनवर साखर वाढलेली दिसली तर घाबरायचं नाही. अंगातली साखर बाहेर निघते, म्हणून ती दिसते."

साखर उतरली तर महाराजांमुळे, चढली तरी महाराजांमुळे. हरायची वाटच ठेवलेली नव्हती.

उज्वलाबाईंच्या पायाच्या अंगठ्याखाली जखम होती. चौदा मिलीमीटर, निकिता दर सोमवारी मोजपट्टी धरून मोजत असे. डॉक्टर स्पष्ट बोलले होते : साखर आटोक्यात आली तर जखम भरेल. नाही आली तर पंधरा दिवसांनी अंगठा काढायचा निर्णय घ्यावा लागेल. त्यातले तीन दिवस संपले होते.

रिक्षात बसताना उज्वलाबाई म्हणाल्या, "उद्यापासून सुई नाही."

"आई, तो तांब्या जादूचा आहे. दुकानात मिळतो."

"असू दे."

"असू दे म्हणजे? अंगठा जाईल!"

"सहा वर्षं झाली निकी. सकाळ-संध्याकाळ. तुला मोजायची हौस ना? मोज किती झाल्या त्या."

निकिताने मोजल्या. चार हजार तीनशे ऐंशी. तिची आई मूर्ख नव्हती. थकली होती. आणि त्या गुलाबी तळपायांच्या माणसाने नेमका तो थकवा हेरून त्यावर दुकान मांडलं होतं, याचा तिला जास्त संताप आला.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चुकीची गोष्ट केली. शेजारच्या भागीबाई आणि आणखी तीन बायकांना घरी बोलावलं, आईला समोर बसवलं आणि कपाटातला तांब्या काढला.

तो तिने मोबाईलवर चित्र बघून मागवला होता. पहिल्या वर्षी तिने सगळंच तसं मागवलं. पत्ते आले ते दमट हवेत एकमेकांना चिकटले. रुमाल लपवायचा नकली अंगठा आला तो गोऱ्या माणसाच्या कातडीच्या रंगाचा. तिच्या सावळ्या हातावर तो लांबून ओळखू यायचा. तांब्या मात्र चमकत होता, म्हणून तिला बरा वाटला होता.

पहिलं ओतणं नीट झालं. "आता बघा, रिकामा," म्हणत तिने तो पालथा धरला, आणि चिकटवलेला जोड सुटला. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून फरशीवर ओघळलं.

"अगं बया," भागीबाई म्हणाल्या, "तुझ्या तांब्याला तर लघवीचा तरास हाय!"

बायका पोट धरून हसल्या. उज्वलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फडकं आणून फरशी पुसली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बघितलंस? खोट्याचं गळतं. त्यांचा एक थेंब गळला नव्हता."

त्या चार बायकांपैकी दोघी तोवर महाराजांकडे गेलेल्या नव्हत्या. येत्या गुरुवारी जायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

*

निसारचाचांचं दुकान जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या बोळात. पुढे हंडे, घागरी, कळशा. मागच्या फडताळात जादूगारांची भांडी. शनिवारी निकिता अर्धा दिवस रजा टाकून तिथे पोचली आणि फुटका तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

चाचांनी तो दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. "हे कुठून आणलंस बेटा?"

"ऑनलाइन."

"चमक बघून घेतलास ना? चमक पॉलिशवाला देतो. भांडं बनवणारा जोड देतो. डोळे मीट." त्यांनी तिच्या हातात दुसरा तांब्या ठेवला. "कसा लागतो?"

"घरच्या तांब्यासारखा."

"हलका नाही?"

"नाही."

"हलका म्हणजे पत्रा पातळ, पहिल्या आपटीला गेला. आणि फार जड असला तर लोकांच्या हाताला शक येतो. आता वाजव."

तिने टिचकी मारली. आवाज साधा, एकसंध आला. मग टॉर्च लावून आत बघितलं. आत दुसरी भिंत आहे हे माहीत असूनही ती दिसली नाही. नखाने जोड शोधला. सापडला नाही.

"तुला सापडला असता तर मी दुकान बंद केलं असतं," चाचा खूश होऊन म्हणाले. "आता धर. बघू नकोस, नुसता धर."

तिने धरला आणि अंगठा आपोआप खांद्यावरच्या बारीक भोकावर जाऊन बसला. कडा गुळगुळीत, बोटाला कळेल पण डोळ्याला दिसणार नाही अशी.

"मला असाच हवा होता," ती म्हणाली. "म्हणजे, नेमका असाच. हा मी गुरुवारी बघितला."

मग तिने सगळं सांगितलं. चाचांचा चेहरा उतरत गेला.

"अंगठा कुठे ठेवतो म्हणालीस?"

तिने दाखवलं.

"उजव्या खांद्यावर, कडेपासून दोन बोटं." तिच्या हातातल्या तांब्यावर त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. "माझाच आहे. तीन वर्षं झाली. घोटीचा पोरगा होता, शाळांमधून खेळ करतो म्हणाला. मी चहा पाजला त्याला." त्यांनी हातोडी उचलली. "नाव सांग."

"कशाला?"

"भांड्यावर घालायला. लग्नाकार्यात गेलं तर परत कसं येणार? अब्बांपासूनचा रिवाज आहे, नाव घातल्याशिवाय भांडं उंबरठा ओलांडत नाही. जादूचं असलं म्हणून काय झालं?"

बुडावर एकेक ठिपका ठोकत त्यांनी तिचं नाव घातलं. देताना म्हणाले, "भेद सांगायचा नसतो हा आपला कायदा. पण तो खेळ करणाऱ्यांसाठी आहे, लोकांचं औषध तोडणाऱ्यांसाठी नाही. सांगायची वेळ आली तर सांग. फक्त सांभाळ त्याला. बारा दिवसांचं काम आहे."

*

निकिता रोज संध्याकाळी आरशासमोर दोन तास ओतत होती. रोज सकाळी आईच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायला उज्वलाबाई परवानगी देत होत्या, तेही "साखर बाहेर निघते का बघू" म्हणून. रविवारी ३४८. मंगळवारी ३९०. बुधवारी ४१२. डॉक्टर फोनवर म्हणाले, उलटी किंवा धाप सुरू झाली तर एक मिनिट थांबू नका, थेट दवाखान्यात आणा. जखम सोमवारी मोजली तेव्हा सतरा मिलीमीटर झाली होती.

गुरुवारी मंडपात दोनशे अकरा माणसं होती.

महाराजांच्या कार्यक्रमात 'अनुभव' सांगायची वेळ असे. ज्याला गुण आला त्याने माईकवर यायचं. निकिता रांगेत उभी राहिली. माईकवाल्याने विचारलं, "ताई, काय अनुभव?"

"तांब्याचा."

त्याने खुशीत माईक दिला. तिने पिशवीतून आपला तांब्या आणि ग्लास काढला. कुणाला काही कळायच्या आत पहिला ग्लास भरला. पालथा, रिकामा. तांब्या चौरंगाच्या कडेला ठेवून ती गप्प उभी राहिली, मंत्राबिंत्राशिवाय. मग दुसरा ग्लास. तिसरा. महाराज पाचवर थांबत. तिने सात वेळा ओतलं.

आता लोक विचार करतील, असं तिला वाटलं.

पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला, टोपी काढली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"अहो बाबा, काय करताय!"

"माय, माझ्या गुडघ्यावर हात फिरव."

मागून बायका सरसावल्या. कुणीतरी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. पाठीमागून महाराजांचा आवाज आला, आणि तो आवाज मुळीच घाबरलेला नव्हता.

"बघा! तीर्थाची कृपा! एका आठवड्यात या लेकरात शक्ती उतरली! बोला, गोदामाई की!"

"जय!"

पुराव्यासारखा पुरावा समोर धरला, तर या माणसाने त्याचाच हार करून गळ्यात घातला. तिने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. उज्वलाबाई तिच्याकडे बघत होत्या, हात जोडून. स्वतःच्या मुलीपुढे हात जोडून.

"किशोरदादा!" ती माईकवर ओरडली. मंडप किशोरच्या फॅब्रिकेशनच्या शेडला लागूनच होता. "करवत आण. लोखंड कापायची."

"काय कापायचं?"

"हा."

"येडी का काय तू? एवढा झ्याक तांब्या?"

"आण म्हणते ना!"

किशोरने करवत आणली, भांडं घट्ट पकडायला शिकंजाही आणला. तांब्या आडवा धरून त्याने शिकंज्यात पकडला आणि निकिताने गळ्यापासून बुडापर्यंत करवत चालवली. पातं बाहेरच्या भिंतीतून आत शिरलं तसं पाणी फसकन बाहेर आलं आणि किशोरची पँट भिजली. साडेचार मिनिटं लागली. मग तिने दोन्ही तुकडे हातांत धरून पहिल्या रांगेपुढे फिरवले.

"ही बाहेरची भिंत. ही आतली, नळीसारखी. मधल्या पोकळीत पाणी. खाली हे भोक, इथून पाणी आतल्या नळीत येतं. वर खांद्यावर हे दुसरं भोक, इथून हवा जाते. अंगठ्याने हवा बंद केली की पाणी अडतं, तांब्या रिकामा दिसतो. अंगठा काढून ठेवला की नळी पुन्हा भरते. भरायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. महाराजांचा मंत्र चोवीस सेकंदांचा आहे. दर खेपेला पाणी कमी कमी येतं, कारण ते संपत असतं. आणि विश्राम म्हणजे पडद्यामागे जाऊन पुन्हा भरणं!"

म्हाताऱ्याने अर्ध्या तांब्यात बोट घातलं. "म्हंजी पोकळ हाय," तो म्हणाला, आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"तो बाजारी तांब्या!" महाराज कडाडले. आता आवाज चिरला होता. "हा संगमातला! बघा, रिकामा!" त्यांनी आपला तांब्या ओतला, पालथा दाखवला, चौरंगावर आदळला आणि फडकं टाकलं.

"माझा तांब्या नाशकात बनला," निकिता म्हणाली. "हाही तिथेच बनला. बनवणारा बुडावर घेणाऱ्याचं नाव घालतो. बघा हवं तर."

"हात लावायचा नाही! सोवळ्यातला आहे!" माईकवाला मधे आला.

पण चौरंगाला सगळ्यांत जवळ भागीबाई बसल्या होत्या, पहिल्या मानाच्या म्हणून. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात पंगत उठली की भांड्यांचा ढीग त्यांच्यापुढे यायचा. पालथं घालायचं, नाव वाचायचं, ज्याचं त्याला द्यायचं. आणि कुणाचंही भांडं कधी कुणाकडे चुकून गेलं नव्हतं.

"नाव असंल तर पालथं घालून बघायचं," त्या म्हणाल्या. "त्यात कसलं आलंय सोवळं?"

आणि त्यांनी फडक्यासकट तांब्या उचलला, गळ्याशी धरून, जसा सगळं जग धरतं तसा, आणि पालथा घातला.

खांद्यावरच्या भोकावर कुणाचाच अंगठा नव्हता. आत्ताच रिकामा दाखवलेल्या तांब्यातून पाण्याची धार लागली, ती भागीबाईंच्या मांडीवर, सतरंजीवर, थांबेचना.

"अगं बया!" भागीबाई ओरडल्या. पण हातातलं काम त्यांनी सोडलं नाही. बुडाला अष्टगंधाचा जाड थर होता. तो त्यांनी त्याच पाण्याने, पदराच्या टोकाने खसाखसा घासला. चष्मा नव्हता म्हणून तांब्या किशोरपुढे धरला. "वाच रं."

किशोरने ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वाचली. "र. मु. वाळके, घोटी."

"कोन वाळके?"

"रविराज!" मागच्या खुर्चीवरून एक जण ओरडला. "मुरलीशेठचा रविराज! मी म्हणत होतो, चेहरा वळखीचा वाटतोय! तांदळाच्या दुकानात बसायचा!"

"घोटीत कुठला हिमालय हाय रं?" किशोरने विचारलं.

महाराज पडद्याकडे सरकले. निकिताने माईक सोडला नाही.

"थांबा. माझ्या पाया पडू नका आणि त्याला मारूही नका. आधी ऐका. मघाशी मी तुमच्यासमोर हीच लबाडी केली आणि तुम्ही माझ्या पाया पडलात. का? तांब्या कुणी हातात मागितला नाही म्हणून. विचारणं म्हणजे पाप, असं आपल्याला कुणी शिकवलं? भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो. कणसाचं साल सोलून दाणा बघतो. आणि ज्याच्या शब्दावर औषध सोडायचं, त्याचं भांडं उलटं करून बघत नाही? माझ्यावरही विश्वास ठेवू नका. हे दोन तुकडे घ्या, स्वतः बघा. इथे सुई बंद केलेले किती जण आहेत? हात वर करा. लाजू नका."

मग एक हात वर गेला. मग आणखी. निकिताने मोजले. सतरा. अठरावा हात दुसऱ्या रांगेत वर गेला, सगळ्यांत सावकाश.

"अठरा," ती म्हणाली. "आज घरी जाण्याआधी डॉक्टरकडे जा. आजच. किशोरदादाची जीप आहे, फेऱ्या मारील."

"मारतो," किशोर म्हणाला. "पँट बदलून आलो."

सगळ्यांना पटलं असं नाही. पन्नासेक बाटल्या लोकांनी तिथेच कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतल्या; बाकीच्या तशाच घरी गेल्या. एक बाई जाताना म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पण देवाच्या कामात असं करू नाय." रविराज वाळके सापडला स्टँडवर, नाशिकच्या बसमध्ये, भगवी वस्त्रं पिशवीत कोंबलेली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिली गेली. खाली पहिली सही भागीबाईंची.

तांब्याचे दोन तुकडे घेऊन निकिता निसारचाचांकडे गेली. त्यांनी ते जुळवून बघितले, उजेडात फिरवले.

"करवत वाकडी चालवलीस," एवढंच म्हणाले, आणि चहा मागवला.

त्या गुरुवारी दवाखान्यातून परतल्यावर उज्वलाबाईंनी फ्रिज उघडला होता. दाराच्या कप्प्यातून इन्सुलिन काढून हातात धरून उभ्या राहिल्या होत्या.

"तुझ्यापुढे हात जोडले मी," त्या म्हणाल्या. "तुला राग आला असेल."

"तुझा नाही आला."

"मला वाटलं, सुटले. आठ दिवस तरी वाटलं." त्यांनी सुई निकितापुढे केली. "आज तू टोच. उद्यापासून मी घेईन."

डॉक्टरांनी अंगठ्याचा निर्णय पुढे ढकलला होता. त्या गुरुवारनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजता उज्वलाबाईंची उपाशीपोटी साखर १३६ होती. जखमेची लांबी नऊ मिलीमीटर.